निळी रेषा आणि लाल रेषा

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली; सुमारे हजार प्रवाशांना पाण्यातून सुखरूप बाहेर काढावे लागले. नदीकाठची जमीन नेमकी किती उंचीवर आहे, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांना पडला. जागा घेणाऱ्याला तो इसार देण्यापूर्वीच पडावयास हवा.

महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आतील पट्टा निषिद्ध, दोन्ही रेषांमधील पट्टा नियंत्रित. व्यापाऱ्याने मात्र या २५ वर्षांना मुदत ठेव समजू नये. एकदा पूर आला म्हणून पुढील २४ वर्षे मोकळी मिळत नाहीत. दरवर्षीची शक्यता ४ टक्के, आणि २५ वर्षांत एकदा तरी त्या पातळीला पाणी येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते.

रेषा आखताना आता उपग्रहांनी टिपलेल्या उंचीच्या आकड्यांचा आधार मिळतो. २००० सालच्या अमेरिकी अंतराळयानाच्या मोहिमेतील आकडे तर कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यात साधारण ३० मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला एकच उंची असते. उल्हास नदीच्या रुंद खोऱ्याचा उतार त्यावरून चांगला कळतो. परंतु अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे वाहणारी वालधुनी अरुंद आहे. तिचे पात्र आणि काठावरची घरे एकाच चौकोनात मिसळून जातात. शिवाय दाट वस्तीत रडारला जमिनीऐवजी छपरांची उंची मिळते, म्हणून सखल जागा कागदावर उंच भासते. अशा नकाशावर एखाद्या दुकानाचा निकाल लावणे म्हणजे गावच्या तराजूवर सोने तोलणे होय. तेथे प्रत्यक्ष मोजणीच हवी.

चातुर्मासात साधु-साध्वी एका स्थानी राहतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत तळमजल्यावरची गोदामे दिवाळीच्या मालाने भरू लागतात. म्हणून विकासकाकडून नुसता रंगीत नकाशा घेऊ नये. जोत्याची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि त्याच ठिकाणची लाल रेषेची पातळी, हे दोन्ही आकडे मीटरमध्ये लेखी मागावेत आणि पालिकेच्या नगररचना विभागात पडताळून घ्यावेत.