गाडीला हात कधी लावायचा?

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यतीत सगळ्यांचे लक्ष वेगाकडे असते. पण गाडी धडकल्यावर चालकाला बाहेर काढायला धावणाऱ्या माणसापुढे वेगळाच प्रश्न असतो: गाडीला हात लावायचा की नाही?

बाजारात मिळणारी इलेक्ट्रिक मोटार सुधारून ट्रॅकवर उतरवण्याचे ठळक उदाहरण म्हणजे जग्वार आय-पेस ई-ट्रॉफी. डिसेंबर 2018 मध्ये सौदी अरेबियात सुरू झालेली ही मालिका 2020 पर्यंत फॉर्म्युला ई शर्यतींच्या जोडीने चालली. बॅटरी मूळ गाडीचीच ठेवली होती, 90 किलोवॅट-तासांची. आतली सजावट काढून धातूच्या नळ्यांचा संरक्षक पिंजरा बसवला होता. म्हणजे सुधारणेत चालकाच्या जिवाचा विचार होता. तोच विचार मदतीला धावणाऱ्यांचाही व्हायला हवा.

अशा बॅटरीचा दाब 400 व्होल्टच्या आसपास असतो. तारा उघड्या पडल्या तर त्या धक्क्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुसरा धोका धुराचा. एक सेल अति तापला की शेजारचा तापतो आणि साखळी सुरू होते. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. धूर छातीत गेलेला माणूस सुरुवातीला ठीक दिसतो. फुप्फुसांत पाणी भरून धाप लागते ती काही तासांनी. 'मी बरा आहे' म्हणणाऱ्याला लगेच घरी पाठवणे म्हणूनच चुकीचे.

तिसरा धोका, विझलेली आग पुन्हा भडकण्याचा. जून 2017 मध्ये स्वित्झर्लंडमधील हेमबर्गच्या घाटशर्यतीत रिचर्ड हॅमंड यांची रिमॅक गाडी उलटून पेटली. गुडघ्याच्या फ्रॅक्चरवर ते बचावले. गाडीची बॅटरी मात्र पुढे कित्येक दिवस धुमसत राहिल्याच्या बातम्या होत्या.

म्हणून या शर्यती नकोत, असे नाही. पेट्रोलही पेटतेच, पण त्या आगीशी झुंजण्याचा शंभर वर्षांचा सराव गाठीशी आहे. बॅटरीच्या आगीचा सराव अजून नवा आहे. फॉर्म्युला ई गाडीवर दिवा असतो: हिरवा असेल तर हात लावा, लाल असेल तर थांबा. साधी सोय, पण जीव वाचवणारी.

फेब्रुवारी 2023 मध्ये फॉर्म्युला ई हैदराबादला येऊन गेली. उद्या सुधारलेल्या इलेक्ट्रिक मोटारीही आपल्याकडे धावतील. तेव्हा प्रत्येक गाडीवर तसा दिवा, ट्रॅकवर विजेला रोधक हातमोजे, श्वसनयंत्र आणि भरपूर पाणी हवे. जवळच्या रुग्णालयाला आधी कळवलेले असावे आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाने भाजल्यावर लागणारे कॅल्शियम ग्लुकोनेट तिथे तयार असावे. ही तयारी नसेल, तर गाडी कितीही वेगवान असो, शर्यतीला हिरवा झेंडा दाखवू नये.