मामांच्या ट्रॅक्टरचे टायर

दुकानात गेल्यावर आपण पांढरपेशे लोक बहुधा दोनच प्रश्न विचारतो. पहिला, ‘‘यात स्वस्तातले काय आहे?’’ आणि खिसा जरा गरम असला तर दुसरा, ‘‘यात सगळ्यांत भारी कोणते?’’ ‘‘आमच्या कामाला कोणते बरे?’’ हा तिसरा प्रश्न आपल्या तोंडून सहसा निघत नाही, आणि दिवाळीच्या खरेदीत तर नाहीच नाही. म्हणूनच चौघांच्या घरात पंचवीस माणसांचा कुकर माळ्यावर धूळ खात बसतो. यंदा मी वाचकांना या तिसऱ्या प्रश्नाची हकीकत सांगणार आहे, आणि त्यासाठी त्यांना ट्रॅक्टरच्या टायरांच्या दुकानात नेणार आहे. कोणी घाबरून पान उलटू नये. गोष्ट टायरांची दिसली तरी ती खरी चिकूच्या झाडांची आहे.

आमच्या मामांची घोलवडला चिकूची वाडी आहे. मुंबईहून पश्चिम रेल्वेने निघाले की डहाणू रोडच्या पुढचे स्टेशन घोलवड. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हापासून हा डहाणू तालुका आणि शेजारचा तलासरी तालुका पालघर जिल्ह्यात मोडतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे मामांच्या बोलण्यात हल्ली ‘आमचा चिकू’ या शब्दांवर पूर्वीपेक्षा थोडा अधिक जोर पडतो. तो पडावाही. वाडीतली निम्मी झाडे माझ्या आजोबांनी लावलेली आहेत.

आजोबांनीच घेतलेला एक आयशर ट्रॅक्टर त्या वाडीत अजून चालतो. आयशर हे मूळचे जर्मन नाव. १९५९ मध्ये फरीदाबादच्या कारखान्यातून या नावाचा ट्रॅक्टर बाहेर पडला, तो भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर मानतात. मामांचा आयशर त्यानंतर बऱ्याच वर्षांचा, एका सिलिंडरचा आहे. त्याची धकधक शेजारच्या वाडीत ऐकू गेली की तिथली मंडळी चहाचे आधण ठेवतात. गवत काढणे, शेणखत वाहणे, चिकूचे खोके रस्त्यापर्यंत आणणे, एवढे काम तो मुकाट्याने करतो. परंतु गेल्या पावसाळ्यात त्याची मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. टायरांची नक्षी घासून गुळगुळीत झाली होती आणि बाजूंना भेगा पडल्या होत्या.

आता असे काही झाले की सल्ला देणारे न बोलावता येतात. एक म्हणाले, ‘‘जुन्यावरच नवे रबर चढवून घ्या, निम्म्यात काम होईल.’’ दुसरे म्हणाले, ‘‘एक माप मोठा टायर घाला, ट्रॅक्टर कसा दणकट दिसेल!’’ तिसऱ्यांचे व्याही तलासरीकडे भात करतात. ते म्हणाले, ‘‘भाताच्या खाचरातला खोल दात्यांचा टायर घ्या. समुद्रातून काढील तुमचा ट्रॅक्टर.’’ मामींचा सल्ला सर्वांत थोडक्यात होता. ‘‘विकून टाका तो डबा.’’

मामांना तिसरा सल्ला पटला होता. दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घातला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे अहमदाबाद महामार्गावर तलासरीला गेलो. तिथल्या दुकानदाराने मामांचे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘काका, ट्रॅक्टर चालतो कुठे? खाचरात की झाडाखाली?’’

हाच तो तिसरा प्रश्न.

टायर निवडायचा तर आधी त्याच्या अंगावरचे आकडे वाचावे लागतात. मामांच्या मागच्या टायरावर १२.४-२८ असे छापलेले होते. यातले १२.४ म्हणजे टायरची रुंदी इंचांत, आणि २८ म्हणजे तो ज्या रिमवर बसतो तिचा व्यास, तोही इंचांत. मधे नुसती रेघ असेल तर टायर जुन्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या बांधणीचा, आणि रेघेच्या जागी इंग्रजी ‘आर’ असेल तर तो रेडियल. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांची आणखी एका आकड्याने फसगत होते. पूर्वी याच टायराला ११-२८ म्हणत. मापण्याची पद्धत बदलली, टायर बदलला नाही. म्हणून काही टायरांवर १२.४/११-२८ अशी दोन्ही नावे लिहिलेली असतात. जुन्या पुस्तिकेत अकरा पाहून कोणी अकराच शोधीत बसू नये.

त्यापुढे ‘प्लाय’चा आकडा असतो, आठ किंवा बारा वगैरे. एके काळी टायरात सुती कापडाचे तितके थर खरोखरच असत. आता तो आकडा थरांचा राहिला नाही, ताकदीचा झाला आहे. बारा प्लायचा टायर अधिक हवा आणि अधिक ओझे सोसतो, म्हणून ट्रॉली भरून डांबरी रस्त्यावर धावणाऱ्याला तो बरा. पण तोच टायर अंगाने ताठ असतो. कमी हवेत तो जमिनीवर नीट पसरत नाही.

आता सल्ले एकेक करून पाहू. जुन्यावर रबर चढवणे हा उपाय वाईट नव्हे, मात्र त्याने तळ नवा होतो, अंग जुनेच राहते. बाजूंना भेगा पडलेल्या टायरावर नवे रबर चढवणे म्हणजे विटलेल्या लुगड्याला जरीचा काठ लावणे. मोठ्या मापाचा, म्हणजे १३.६-२८ चा टायर याच्याहून सुमारे दोन इंचांनी उंच आणि सव्वा इंचाने रुंद असतो. त्याचा पसारा मोठा, म्हणून जमिनीवरचा दाब थोडा कमी, हा गुण खरा. परंतु रिमची रुंदी त्याला पुरावी लागते, मडगार्डला तो घासता कामा नये, आणि प्रत्येक गिअरमध्ये ट्रॅक्टर थोडा अधिक जोरात धावू लागतो. मामांच्या मडगार्डखाली दोन बोटेही जागा नव्हती. तो सल्ला तिथेच मिटला.

राहिला खोल दात्यांचा टायर. सर्वसाधारण शेतीच्या टायराचे जे दाते, त्यांच्या जवळजवळ दुप्पट खोल दाते भाताच्या टायराला असतात. चिखलणी करताना ते चिखलात रुततात आणि पकड घेतात. खाचरात जमीन दाबली गेली तर तोटा नाही, उलट फायदा आहे. खालचा थर घट्ट झाला की पाणी मुरून जात नाही, आणि भाताला पाणी उभे राहायला हवेच असते. तेव्हा तिसऱ्यांच्या व्याह्यांना तो टायर अगदी योग्य आहे.

पण तासाभराच्या अंतरावर, घोलवडच्या वाडीत, तोच गुण दुर्गुण होतो. चिकूचे झाड दिसायला मोठे, घेर डेरेदार, त्यामुळे त्याची मुळे पाताळाला गेली असतील असे आपल्याला वाटते. तसे नाही. त्याची ऐंशी टक्क्यांहून अधिक मुळे वरच्या अडीच फूट मातीतच असतात, आणि पाणी व खत घेणारी बारीक मुळे तर आणखी वर. झाडे दहा दहा मीटरवर लावलेली असली तरी जुन्या वाडीत फांद्या एकमेकींना भिडतात, आणि वर फांद्या भिडल्या तिथे खाली मुळेही भिडलेली असतात. ओल्या मातीत खोल दाते फिरले की ती मुळे तुटतात, आणि चाकाच्या भाराने मातीतली हवा निघून जाते. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. झाड एका दिवसात काही बोलत नाही. दोन-तीन वर्षांनी फळ लहान येऊ लागले की आपण खताला दोष देतो, हवामानाला देतो. चाकाच्या वाटेकडे कोणी बोट दाखवीत नाही.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असेही नाही. ट्रॅक्टरला आरंभी लोखंडी, दात्यांची चाके असत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत फ्लॉरिडातल्या संत्र्यांच्या बागायतदारांना आपल्या झाडांची मुळे तुटताना दिसली, तेव्हा त्यांनी लोखंडी चाकांवर ट्रकचे टाकाऊ टायर चढवून पाहिले. पुढे १९३२ मध्ये अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने हवा भरलेल्या टायरांवर ट्रॅक्टर चालवला आणि काही वर्षांत लोखंडी चाके मागे पडली. म्हणजे ट्रॅक्टरच्या पायात रबरी जोडा आला, त्यात झाडांच्या मुळांचाही वाटा आहे.

आणि गंमत पाहा. चिकूच्या झाडाचाही टायराशी एकदा संबंध येता येता राहिला. या झाडाच्या सालीला चीर दिली की पांढरा चीक निघतो. १८७० च्या सुमारास मेक्सिकोचे पदच्युत अध्यक्ष सांता आना न्यूयॉर्कला येऊन राहिले होते. हा चीक रबराऐवजी चाकांना वापरता येईल अशी त्यांची कल्पना होती. टॉमस अ‍ॅडम्स नावाच्या गृहस्थांनी त्यावर पुष्कळ खटपट केली, पण त्याचा टायर काही होईना. शेवटी त्यांनी तो चघळण्यासाठी विकायला काढला. आपली मुले दिवसभर तोंडात घोळवतात त्या च्युइंगगमच्या धंद्याला तिथून बरकत आली. चिकू टायर व्हायला तयार झाला नाही. निदान आपण टायराने त्याची मुळे तरी तोडू नयेत.

परत येताना मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘अरे, पण चाक फिरते त्याचे काय?’’

मला वाटते, सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली इथे आहे. कोरड्या जमिनीत चाक फिरत असेल तर टायर घासला आहे आणि तो बदललाच पाहिजे. कामाच्या वेळी चाक थोडे निसटणे, शंभरात दहा-पंधरा, हे तर योग्यच असते. परंतु भर जुलैत, चार दिवसांच्या संततधारेनंतर चाक जागच्या जागी फिरू लागले, तर ती टायराची तक्रार नव्हे, जमिनीची सूचना आहे. ती म्हणते, ‘‘आज नको, चार दिवसांनी ये.’’ खोल दात्यांचा टायर घेतला की ही सूचना आपल्याला ऐकू येत नाही. ट्रॅक्टर पुढे जातो आणि नुकसान मागे राहते.

मामांनी अखेर घेतले ते पूर्वीच्याच मापाचे, साध्या दात्यांचे, आठ प्लायचे टायर. दोन्ही मागचे एकदम घेतले. एक नवा आणि एक घासलेला ठेवला तर दोघांचा घेर जुळत नाही आणि आतल्या दात्यांना विनाकारण झीज लागते. ट्यूबही नव्या घेतल्या, कारण ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरात घडी पडून फुटते. दुकानदाराने टायरावरचे चार आकडेही दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उदाहरणार्थ २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर नवा दिसला तरी नवा नसतो. बसवताना आणखी एक गोष्ट पाहावी. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहिले असता दात्यांच्या बाणाचे टोक वर दिसले पाहिजे, नाहीतर चांगला टायरही उलट्या चपलेसारखा चालतो.

रक्कम पाच आकडी झाली, त्यामुळे मामींचा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर असे, की आज कोणी नव्याने घेत असेल तर त्याने वाडीसाठी छोटा, अरुंद, चारही चाकांना जोर मिळणारा मिनी ट्रॅक्टरच पाहावा. (आणि त्याचे टायर बदलताना पुढच्या-मागच्या मापांचे प्रमाण मात्र मोडू नये.) पण जो जुना ट्रॅक्टर हाताशी आहे, ज्याचे इंजिन धड आहे आणि जो आजच्या मोठ्या ट्रॅक्टरांपेक्षा वजनाने हलका आहे, त्याला केवळ टायर झिजले म्हणून मोडीत काढणे हा शहाणपणा नव्हे. मामींना हे पटले असे मी म्हणणार नाही. त्यांनी एवढेच विचारले, की या टायरांच्या आयुष्यात आपण किती दिवाळ्या काढणार.

ज्या वाचकांची वाडी आहे, किंवा निवृत्तीनंतर घ्यावयाची आहे, त्यांच्यासाठी शेवटी दोन फुकटच्या गोष्टी. टायर जितक्या दाबाने फुगवावा, साधारण तितकाच दाब तो जमिनीवर देतो. म्हणून वाडीत मागच्या चाकांत बारा-चौदा पौंड हवा पुरते, आणि रस्त्यावर ओझे न्यायचे तर ती पुस्तिकेप्रमाणे वाढवावी. टायर जड व्हावा म्हणून ट्यूबमध्ये पाणी भरलेले असेल, तर झाडांखाली त्याची गरज नाही, ते काढून टाकावे. दुसरी गोष्ट, पाऊस उघडल्यावर ट्रॅक्टर बाहेर काढण्यापूर्वी वीतभर खोलीची माती मुठीत घेऊन दाबावी. तिचा गोळा अंगठ्याने सहज फुटला तर खुशाल निघावे. फुटण्याऐवजी लोण्यासारखा लिंपला गेला, तर ट्रॅक्टर छपराखालीच ठेवावा आणि आपण चहा घ्यावा.