आधी ती फॉइल काढा

भाजलेल्या बटाट्याचं सगळ्यात जास्त नुकसान कुणी केलं असेल, तर ते चकचकीत अॅल्युमिनियम फॉइलने. हॉटेलात तो असा नटूनथटून टेबलावर येतो, म्हणून घरीही लोक त्याला गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवतात. बटाट्यात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं. फॉइलमध्ये त्याची वाफ कोंडते, साल ओलीच राहते आणि तासभर वीज जाळून हाती येतो तो उकडलेलाच बटाटा. मग कुकरच्या तीन शिट्ट्या काय वाईट होत्या?

फॉइलचा दोष चवीपुरता थांबत नाही. १९९४ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका रेस्टॉरंटचं खाऊन ३० जणांना बोट्युलिझमची विषबाधा झाली. तिथे भाजलेले बटाटे फॉइलसकट बाहेरच ठेवले होते आणि नंतर डिपमध्ये घातले होते. मातीतून आलेले जिवाणूंचे बीजाणू ओव्हनच्या आचेतही तगून राहतात. पुढे हवा तुटली आणि ऊब मिळाली, की ते वाढून विष तयार करतात. गरमागरम खाल्लेल्या बटाट्याला ही भीती नाही. रात्रभर ओट्यावर गुंडाळून राहिलेल्याला आहे.

मराठी घरांना हे नव्याने शिकवावं लागावं, याचं नवल वाटतं. चुली होत्या तेव्हा भाकऱ्या झाल्या की उरलेल्या आरात वांगं, कांदा, रताळं, बटाटा खुपसला जाई. साल करपायची, आतला गर भुसभुशीत व्हायचा. गॅस आला, कुकर आला आणि बटाट्याच्या नशिबी शिट्टी आली. रायगडच्या पोपटीत बटाटा अजून विस्तवावर जातो खरा, पण तो मडक्यात, वालाच्या शेंगांसोबत, भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वाफेवर शिजतो. तिथली मजा त्या वासाची. कुरकुरीत साल तिथे कुणी मागत नाही.

ओव्हनमधल्या बटाट्याला मात्र कोरडी आच लागते आणि भरपूर वेळ लागतो. या वेळेवर एका रेल्वे कंपनीने नाव कमावलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात किलोभर वजनाचे बटाटे पिकत. इतके मोठे बटाटे नीट शिजत नाहीत म्हणून शेतकरी ते डुकरांना घालत. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या भोजनयानांचे प्रमुख हेझन टायटस यांनी ते मंद आचेवर सावकाश भाजून पाहिले आणि १९०९ पासून ‘ग्रेट बिग बेक्ड पोटॅटो’ ही त्या रेल्वेची ओळखच झाली. पुढे कंपनीने सिएटलमधल्या आपल्या इमारतीच्या छपरावर ४० फूट लांबीचा बटाटा बसवला! डुकरांच्या खाद्याला याहून मोठा मान मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे किलोचा बटाटा मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. मुठीएवढा, जुना, जाड सालीचा पुरे. नवा बटाटा पाणीदार; तो रश्शाला बरा. मंडईत तळेगाव, इंदुरी, आग्रा अशी नावं ऐकू येतात, त्यातला इंदुरी कमी गोड म्हणून वेफर्सवाले तो पसंत करतात आणि भाजायलाही तो चांगला. चिपसोना मिळाला तर आणखी उत्तम. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ही जात वेफर्ससाठीच काढली, म्हणजे पाणी कमी आणि पिठूळपणा जास्त. बटाटे फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत. थंडीने स्टार्चची साखर होते, बटाटा गोडसर लागतो आणि भाजताना लवकर काळवंडतो.

बाकी कृती ती काय असणार! बटाटा धुऊन अगदी कोरडा पुसायचा, काट्याने चार-सहा ठिकाणी टोचायचा, तेलाचा हात आणि मीठ लावायचं आणि २०० अंशांवर थेट जाळीवर ठेवायचा. मध्यम बटाट्याला तास लागतो. मायक्रोवेव्हमध्ये तो दहा मिनिटांत शिजतो, पण साल चामट होते. अगदीच घाई असेल तर तिथे अर्धा शिजवून पुढे ओव्हनमध्ये घालावा, तेवढी तडजोड चालेल. बाहेर काढल्याबरोबर चीर देऊन दाबायचा, म्हणजे वाफ निघून जाते. हे विसरलं तर तासाभराची मेहनत पाच मिनिटांत ओलसर होते.

विजेचा आक्षेप खरा आहे. १५०० वॉटचा ओटीजी तासभर चालला तर दीड युनिटपर्यंत वीज जाते. एका बटाट्यासाठी ही चैन परवडायची नाही. जाळीवर सहा-आठ बटाटे एकदमच लावावेत.

खाण्यात मात्र परदेशी नक्कल करण्याचं कारण नाही. मॉलमध्ये मका, मेयोनीज आणि चीज यांच्या ढिगाऱ्याखाली बटाटा सापडत नाही. इस्तंबूलच्या ऑर्ताकॉय भागातल्या ‘कुंपिर’ या भाजलेल्या बटाट्यातही सारण खच्चून असतं, पण तिथे आधी गरात लोणी आणि चीज घोटून घेतात, म्हणून तो शोभतो. मराठी घरात लसणाची चटणी आणि लोणी पुरेसं आहे. एकादशीला तर हा बटाटा तुपात थबथबलेल्या खिचडीपेक्षा केव्हाही हलका: वर घट्ट दही, दाण्याचं कूट, सैंधव आणि बारीक चिरलेली मिरची. त्यातून उरलेच, तर निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावेत आणि सकाळी तव्यावर त्यांच्या काचऱ्या कराव्यात. गर आधीच कोरडा झालेला असल्याने त्या लवकर खरपूस होतात.