पाटीवर कुणाचं नाव, ताटात काय?

सुट्ट्या लागल्या, लग्नसराई सुरू झाली की आपल्या घरांतल्या गाड्या रस्त्याला लागतात. मुंबईहून कोकणात, पुण्याहून मराठवाड्यात, नाशिकहून मालेगाव-धुळ्याकडे. दोन तासांत पोरांना भूक लागते आणि मागच्या सीटवरून अम्मींचा आवाज येतो, "इथं हलाल मिळतं का, विचारा ना जरा." कुणीतरी उतरतो, काउंटरवर हळूच विचारतो. हो म्हणाले तर चिकन, नाहीतर डाळ-भाजी, अंडाभुर्जी, मिसळ-पाव. इतका साधा मामला. आपल्या वडिलांच्या काळापासून असाच चालत आलेला.

गेल्या काही वर्षांत मात्र याच काउंटरवर दुसरा एक प्रश्न येऊन उभा राहिलाय. तो आपण विचारत नाही, आपल्याला विचारला जातो. मालक कोण? आचारी कोण? पोऱ्याचं नाव काय? ताटात काय आहे, याच्याशी या प्रश्नाचा काही संबंध नाही. चूल कुणाची आहे, एवढंच त्याला हवंय. हे दोन प्रश्न वरवर सारखे दिसतात, म्हणून मुद्दाम एकात एक मिसळले जातात. ते वेगळे कसे आहेत हे आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे. कारण हलालचा प्रश्न विचारणारे आपणच आहोत, आणि नेमकं तेच बोट आपल्याकडे दाखवलं जातं.

सुरुवात उत्तर प्रदेशातून झाली. जुलै 2024 मध्ये कावड यात्रेच्या तोंडावर मुझफ्फरनगर पोलिसांनी यात्रामार्गावरच्या हॉटेलवाल्यांना, धाबेवाल्यांना, फळांच्या गाडीवाल्यांना सुद्धा आपापली नावं ठळक लिहायला सांगितलं. काही दिवसांतच राज्य सरकारनं तो फतवा सगळ्या यात्रामार्गाला लागू केला (फतवा हा शब्द एरवी आपल्यावर वापरला जातो, इथं तो जास्त शोभतो). उत्तराखंडानंही तेच केलं. गाडीवर आंबे विकणाऱ्याचं नाव कळल्यानं आंब्याची चव बदलत नाही, हे सांगायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. आंब्यात हिंदू-मुसलमान काय असणार?

22 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. हृषिकेश रॉय आणि न्या. एस. व्ही. एन. भट्टी यांच्या पीठानं या आदेशांना अंतरिम स्थगिती दिली. न्यायालयानं जी रेघ ओढली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: कोणतं अन्न विकता, शाकाहारी की मांसाहारी, हे सांगायला लावता येईल, मालकाचं आणि नोकरांचं नाव लिहायची सक्ती करता येणार नाही. त्याच सुनावणीत न्या. भट्टी यांनी केरळमधला आपला अनुभव सांगितला. एका शहरात एक शाकाहारी हॉटेल हिंदूचं होतं, एक मुसलमानाचं. ते स्वतः मुसलमानाच्या हॉटेलात जायचे, कारण दुबईहून परतलेला तो मालक स्वच्छतेचे आंतरराष्ट्रीय नियम पाळायचा. एका न्यायमूर्तीनं गिऱ्हाईक म्हणून काय पाहिलं? पाटीवरचं आडनाव नाही, स्वयंपाकघर पाहिलं.

पण गोष्ट तिथं संपली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेश सरकारनं खाण्यापिण्याच्या सगळ्याच ठिकाणी मालक-चालकांची नावं आणि कॅमेरे लावायला सांगितले. कारण दिलं थुंकण्याच्या, अन्नात घाण मिसळण्याच्या घटनांचं. 2025 च्या यात्रेत क्यूआर कोड आला. मोबाइल धरला की दुकानाची कुंडली समोर. 22 जुलै 2025 रोजी न्यायालयानं एवढंच सांगितलं की कायद्यानं लागतो तो परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्र सगळ्यांनी लावावं, बाकीच्या मुद्द्यांत आम्ही आत्ता जात नाही. यात्रा तोवर संपत आली होती. म्हणजे नावाच्या सक्तीचा शेवटचा निकाल लागलेला नाही, आणि दर श्रावणात तो प्रश्न नव्या वेषात परत येऊ शकतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारी आदेश निघाला नाही. इथं वाट वेगळी निवडली गेली, प्रमाणपत्राची. जून 2024 मध्ये त्र्यंबकेश्वरला रणजित सावरकर यांच्या पुढाकारानं प्रसाद विकणाऱ्या दुकानांसाठी 'ओम प्रमाणपत्र' सुरू झालं. मार्च 2025 मध्ये राज्याचे मत्स्यव्यवसाय मंत्री नितेश राणे यांनी 'मल्हार सर्टिफिकेशन' जाहीर केलं: झटका मटणाची दुकानं, विकणारा हिंदूच. आणि पुढं जाऊन हेही सांगितलं की जिथं हे प्रमाणपत्र नसेल तिथून मटण घेऊ नका. मल्हार हे खंडोबाचं नाव मटणाला दिल्याबद्दल खुद्द जेजुरीतूनही आक्षेप घेतला गेला, तो भाग वेगळा.

आता आपल्यातला कुणी शांतपणे विचारेल, आणि विचारायलाच हवं: आपणही 'कापलं कुणी' हे विचारतोच ना? मग त्यांनी विचारलं तर चुकलं काय?

याचं उत्तर टाळून चालणार नाही. हो, आपण विचारतो. जबिहा करणारा कोण, कसा केला, अल्लाहचं नाव घेतलं का, हे आपल्या दीनचा भाग आहे. पण हा सवाल कुठं संपतो ते पाहा. तो मांसापुरता आहे. भात, भाजी, चपाती, चहा, अंडी, यांना तो लागत नाही. मासळीला जबिहा लागतच नाही (कोलंबीवरून हनफी घरांत थोडी चर्चा होते, आमच्या शाफई कोकणी मंडळींना ती कधी कळलीच नाही). म्हणूनच उडुप्याच्या इडलीवर, मालवणी खानावळीतल्या सुरमईवर, एसटी थांब्यावरच्या वडापावावर आपण बिनदिक्कत बसतो. मालकाचं आडनाव कुणी विचारत नाही. ज्याला झटका हवाय त्यालाही झटका मिळावा, तशी पाटी लावावी, हा त्याचा हक्क आहे. शीख बांधव कित्येक पिढ्या तो पाळत आलेत, आपल्याला त्याचा कधी त्रास झाला नाही. खाटकानं आपणहून 'हलाल' लिहिलं किंवा 'झटका' लिहिलं, गिऱ्हाईकानं वाचून ठरवलं. हे झालं ताटाबद्दल. सत्तेतल्या माणसानं उठून अमक्याकडूनच घ्या, तमक्याकडून घेऊ नका म्हणणं, आणि पोलिसानं फळवाल्याकडून नाव लिहून घेणं, हे ताटाबद्दल नाही. ते रोजीबद्दल आहे.

यातला दुटप्पीपणाही नोंदवून ठेवू. 18 नोव्हेंबर 2023 रोजी उत्तर प्रदेशनं हलाल प्रमाणित वस्तूंच्या उत्पादनावर, साठवणुकीवर, विक्रीवर बंदी घातली, पण निर्यातीला सूट दिली. पुढं ऑक्टोबर 2024 पासून ठराविक देशांना हलाल म्हणून मांस पाठवायचं तर सरकारमान्य व्यवस्थेचंच हलाल प्रमाणपत्र लागेल, असा केंद्राचा नियम आला. म्हणजे अरबाच्या ताटात जाणारं हलाल देशाच्या फायद्याचं, आणि लखनऊच्या दुकानातलं हलाल धोक्याचं!

ज्यांना वाटतं की हा फक्त मुसलमानांचा प्रश्न आहे, त्यांनी ऑगस्ट 2025 आठवावा. कल्याण-डोंबिवली पालिकेनं 15 ऑगस्टला मांसविक्री बंद ठेवायचा आदेश काढला, मालेगाव, नागपूर, छत्रपती संभाजीनगरातही तसेच आदेश निघाले. कल्याण पट्ट्यातला आगरी-कोळी समाज काय खातो हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. हिंदू खाटीक समाजाचा गल्लाही त्या दिवशी रिकामाच राहणार होता. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीसुद्धा अशी बंदी बरोबर नाही म्हणून सांगितलं. खाण्यावर बोट ठेवायला सुरुवात झाली की ते बोट एकाच घरावर थांबत नाही.

थोडं मागं जाऊन पाहू. महाराष्ट्रातल्या खाण्यापिण्याच्या ठिकाणांनी नावाचा सवाल फार हुशारीनं सोडवला होता. इराण्यांची हॉटेलं बघा. त्यांत पारशी धर्माचे इराणी होते तसे मुसलमान इराणीही होते. पाटीवर मात्र धर्म नव्हता. पुण्याचं 'गुडलक' 1935 चं, डेक्कनवरच्या किती पिढ्या तिथं बनमस्का खाऊन मोठ्या झाल्या. त्यांतल्या किती जणांनी मालकाचा धर्म विचारला असेल? दुसरीकडं भेंडी बाजारचं 'नूर मोहम्मदी' 1923 पासून आपलं नाव डोक्यावर घेऊन उभं आहे, आणि तिथं नळी निहारी खायला येणारे सगळे काही मोहल्ल्यातले नसतात. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या गल्लीत शिरलात तर मालपुवा आणि फिरनीसाठी रांगेत कोण कोण उभं असतं ते दिसेलच. औरंगाबादचा नान-खलिया तर शहराची ओळखच बनलाय. नाव सांगूनही चालतं, न सांगूनही चालतं. निवड मालकाची असते, एवढीच अट.

मुंबई-अहमदाबाद हायवेवरचे चेलिया मुसलमान हे तिसरं उदाहरण. पालनपूर-बनासकांठा भागातली ही बिरादरी. यांनी शुद्ध शाकाहारी हॉटेलांची रांगच उभी केली. स्वतः मांसाहारी असून गिऱ्हाईकाचा धर्म सांभाळला, कांदा-लसणाशिवायची भाजीही वेगळी करून दिली. पाट्यांवर साधी, सगळ्यांना चालतील अशी नावं. आता याच गोष्टीला 'नाव लपवून धंदा' म्हटलं जातंय. दुकानाचं नाव आणि मालकाचं नाव एक असावं असा कायदा कुठंच नाही. मालकाचं नाव परवान्यावर असतं, आणि परवाना भिंतीवर. शोधणाऱ्याला तो कधीच लपलेला नव्हता.

आता थोडं आपल्या घरातलं. ते कडू लागेल. आपल्या बऱ्याच हॉटेलांत 'हलाल' ही पाटी लावली की काम झालं, असं मानतात. कोंबडी कुठून येते, कापतो कोण, विचारलं तर वेटर मालकाकडं बघतो आणि मालक गल्ल्याकडं. दारात हिरवी पाटी, आत बेसिनला साबण नाही. तळणीचं तेल किती दिवसांचं, ते त्याच्या रंगावरून कळतं. हायवेवर तर आणखी हाल. बायकांसाठी स्वच्छ संडास नाही, असला तर कडी नाही. वजूला पाणी आणि चार जणांना नमाज पढायला कोपरा, हे मिळालं तर नशीब. 'फॅमिली रूम' म्हणजे मागची अंधारी खोली, असंच का ठरलंय? जी अम्मी हलालची चौकशी करते तिला पाय मोकळे करायला जागा नाही, आणि आपण म्हणतो आमचं हॉटेल मुसाफिराच्या खिदमतीसाठी आहे. हलाल म्हणजे फक्त सुरी कशी फिरवली एवढंच नाही. आपल्याकडं हलालच्या जोडीला तय्यब हा शब्द कायम असतो, पाक-साफ, चांगलं.

थुंकण्याच्या त्या व्हिडिओंबद्दलही बोललं पाहिजे. असा एखादा गुन्हा कुणी केला तर त्याला कायद्यानं शिक्षा व्हावी, त्याचं नाव काहीही असो. पण एकाच्या व्हिडिओवरून लाखो लोकांच्या चुलीवर संशय घेणं ही अफवाच. तिला आपण व्हॉट्सअॅपवर उत्तर देत बसलो तर ती हरत नाही. उघडं स्वयंपाकघर, डोक्याला टोपी, हाताला मोजे, समोर लाटली जाणारी रोटी, हे तिचं उत्तर. ज्यांनी ते केलंय त्यांच्याकडं गर्दी कमी झालेली आम्हाला दिसत नाही.

आणि कागदपत्रं. इथं आपले लहान धंदेवाले सगळ्यात कच्चे पडतात. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा आहे. लहान विक्रेत्याला नोंदणी लागते, मोठ्याला परवाना, दोन्हींवर 14 अंकी नंबर असतो. तो दुकानात दिसेल अशा जागी लावायचा असतो, आणि 2022 पासून बिलावरही छापायचा असतो. चहाची टपरी, भुर्जीची गाडी, रमजानपुरता लावलेला कबाबचा स्टॉल, यांनाही नोंदणी चुकत नाही. फी फार नाही, अर्ज ऑनलाइन होतो, मोहल्ल्यातला कुठलाही शिकलेला मुलगा एका संध्याकाळी भरून देईल. जमातींनी, मस्जिद कमिट्यांनी रमजानच्या आधी एक दिवस त्यासाठी ठेवला तर निम्मे गाडीवाले निर्धास्त होतील.

तो कागद भिंतीवर असला की बोलणं सोपं होतं. अन्न निरीक्षक आला तर त्याला सगळं दाखवायचं, तो त्याचा अधिकार आहे. गळ्यात पट्टा घातलेली चार पोरं येऊन नाव विचारू लागली तर त्यांना असा कुठलाच अधिकार नाही. वाद न घालता मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि पोलिसांना फोन लावायचा. पोलिसच नाव लिहायला सांगत असतील तर आदेश लेखी मागायचा, त्यावर तारीख आणि सही घ्यायची, आणि 22 जुलै 2024 च्या आदेशाची एक प्रत गल्ल्यात आधीच ठेवलेली असावी.