विल्सन यांची भट्टी
ऑक्टोबर 1963 मध्ये स्कारबरोच्या अधिवेशनात मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी विज्ञानाच्या धगीतून नवा ब्रिटन घडवण्याची भाषा केली आणि पक्षाची एक जुनी अडचण अलगद बाजूला सारली: कारखाने कोणाच्या मालकीचे, हे भांडण. उत्पादनच वाढलं तर वाटपाचा तंटा उरतोच कशाला, असा हिशेब. 1964 मध्ये सत्ता मिळताच तंत्रज्ञान मंत्रालय निघालं. पहिले मंत्री झाले कामगार पुढारी फ्रँक कझिन्स. पगारवाढीला लगाम घालणाऱ्या सरकारी धोरणावरून 1966 मध्ये त्यांनीच राजीनामा दिला. तंटा थेट मंत्रिमंडळात येऊन बसला होता! सरकारने मदतीसाठी उद्योग निवडूच नयेत, असा धडा विल्सन यांच्या या प्रयोगातून अनेकजण काढतात. तो पटत नाही. 1971 मध्ये बुडती रोल्स-रॉइस ताब्यात घेतली ती हुजूर पक्षाच्या हीथ सरकारने, आणि ज्याच्यापायी कंपनी बुडाली त्या आरबी-211 या विमान-इंजिनाच्या वंशातूनच पुढे यशस्वी ट्रेंट इंजिनं आली. विल्सन चुकले ते नव्या यंत्रांचा नफा कोणाच्या पदरात पडणार, हे ठरवायचं लांबणीवर टाकून. कझिन्स यांच्यामागून तेच खातं सांभाळलेले टोनी बेन पुढे कामगारांच्या हाती कारभार देण्याच्या बाजूला झुकले, ते उगाच नव्हे.