कोपऱ्यावरचे दुकान आणि घरची बिअर

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली, तेव्हा घरगुती वाइनला सवलत मिळाली, पण घरी बिअर करणे बेकायदाच राहिले. ही विसंगती दूर व्हायला तब्बल ४५ वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून घरटी वर्षाला २०० गॅलन, एकटाच प्रौढ असेल तर १०० गॅलन, बिअर करमुक्त करता येऊ लागली. अट एवढीच, की ती विकायची नाही. राज्याराज्यांचे कायदे बदलायला आणखी वेळ गेला. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये २०१३ साली वाटेवर आली.

आपल्याकडे 'घरची दारू' म्हटले की हातभट्टीच डोळ्यांपुढे येते. हा प्रकार तसा नव्हे. यात काही गाळायचे नसते. सातूला मोड आणून, वाळवून तयार केलेला माल्ट भरडायचा, साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवायचा, ते गोड पाणी हॉप्सची फुले घालून उकळायचे आणि निववून त्यात यीस्ट सोडायचे. पुढचे दोनेक आठवडे काम यीस्ट करते. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग करता येत नाही, तेव्हा वाचकांनी लगेच पातेली घासायला घेऊ नयेत!)

या छंदाला लागणारे सामान विकणारी छोटी दुकाने अमेरिकेत गावोगावी निघाली. आज त्यांच्यापुढे इंटरनेटवरची मोठी दुकाने उभी आहेत आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळले आहे. प्रश्न असा, की त्यात बिघडले काय?

इंटरनेटच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. निवड मोठी असते, भाव बहुधा कमी असतो, आणि ज्याच्या गावापासून शंभर मैलांत असे दुकानच नाही त्याला दुसरा इलाज नाही. शिवाय कोपऱ्यावरचा प्रत्येक दुकानदार काही संत नसतो. हॉप्सना हवा आणि उष्णता सोसत नाही. ती हवाबंद पाकिटात, थंडीत ठेवावी लागतात. उघड्या फळीवर वर्षभर पडलेले पाकीट गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणाऱ्याविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही.

पण सगळेच सामान एका जातीचे नसते. पातेले, नळी, तापमापक कुठूनही आले तरी तेच. माल्टचे तसे नाही. पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर बिअरला चार-पाच किलो माल्ट लागतो. एवढे वजन टपालाने मागवले की स्वस्ताई निम्मी तिथेच संपते. त्यातून तो भरडला की त्याचा ताजेपणा उतरू लागतो. आपल्या गिरणीवाल्याला 'पीठ भाकरीचे की भाजणीचे' हे सांगावे लागते, तसेच इथेही आहे. भरड फार जाड राहिली तर साखर नीट उतरत नाही. फार बारीक झाली तर पाणी निथळायचे थांबते. द्रवरूप यीस्ट तर जिवंतच. ऐन उन्हाळ्यात चार दिवस टपालाच्या गाडीत तापल्यावर त्यातले किती शिल्लक राहील, हे बर्फाची पिशवी सोबत पाठवणाराही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तरीही दुकानाचा खरा माल फळीवर नसतो. केन ग्रॉसमन या तरुणाने १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या चिको गावी असेच एक दुकान काढले. १९७९ मध्ये त्याने एका भागीदाराबरोबर सिएरा नेव्हाडा ही कंपनी स्थापन केली; पुढे अमेरिकेतल्या छोट्या बिअर कारखान्यांच्या चळवळीत तिचे नाव अग्रभागी राहिले. दुकानाच्या गल्ल्यावर उभे राहून झालेल्या चौकशा, बिघडलेल्या बिअरचा वास घेऊन केलेले निदान, 'पुढच्या वेळी जरा थंड जागी ठेवा' असा सल्ला, हे सगळे बिलात येत नाही. म्हणूनच ते फुकट आहे असा आपला समज होतो. सल्ला दुकानात घ्यायचा आणि ऑर्डर घरी बसून दुसरीकडे द्यायची, ही रीत रूढ झाली ती या समजापोटी. तो सल्ला विकत मिळत नाही हे खरे, पण दुकानाचे भाडे भरले जाते तोवरच तो मिळतो.

दूरच्या दुकानाचा मालक कोण, हाही प्रश्न आहेच. मिनेसोटातील नॉर्दर्न ब्र्युअर हे या क्षेत्रातले बडे नाव. जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीच्या, ए. बी. इनबेव्हच्या, गुंतवणूक शाखेने ते घेतल्याचे २०१६ साली उघड झाले. बड्या कंपनीच्या बिअरला कंटाळून ज्यांनी चूल पेटवली, त्यांचेच पैसे तिच्या खिशात चालले होते! साहजिकच ओरड झाली. २०१९ मध्ये ते पुन्हा विकले गेले आणि एका गुंतवणूक कंपनीकडे गेले. गिऱ्हाइकाला दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

तेव्हा स्वस्त-महागाच्या हिशेबात आणखी एक रकाना हवा. भांडीकुंडी खुशाल दुरून मागवावीत. माल्ट, हॉप्स आणि यीस्ट मात्र जवळ चांगले दुकान असेल तर तिथूनच, दोन पैसे जास्त देऊन घ्यावे. आणि त्या दोन पैशांच्या बदल्यात ताजा माल, पाकिटावर तारीख आणि खरे उत्तर यांचा हट्ट धरावा. दुकानदाराने तो पुरवला नाही तर त्याचे दुकान बंद पडण्यात कोणाचाच दोष नाही. त्याने पुरवला आणि तरीही ते बंद पडले, तर मात्र दोष आपला. बिअर का बिघडली हे शेजारी बसून सांगणारा माणूस पुढच्या शिकाऊ पोराला कुठल्याच पार्सलातून मिळणार नाही.