पाटीची आतली बाजू

नाशिकच्या इंदिरानगरात वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या आतल्या कॉलन्यांतून फिरले, की बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही पाटी दिसते. शब्द तीनच. साहित्याच्या विद्यार्थ्याला सवयीने पडणारा प्रश्न येथेही विचारता येईल : हे विधान कोण करीत आहे आणि कोणाला उद्देशून? बोलणारा घरमालक आणि ऐकणारा परका, हे उघड आहे. फाटकाच्या आत राहणाऱ्यांना, त्यातही नुकत्याच चालू लागलेल्या मुलाच्या आईवडिलांना, ही पाटी काहीच सांगत नाही. आमच्या मते तिची अधिक गरज आतल्या बाजूला आहे.

पाश्चात्त्य देशांतील बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे. अगदी लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुधा ओळखीचा असतो. स्वतःच्या घरचा, नाहीतर नातेवाइकांचा किंवा शेजाऱ्यांचा. मोठ्या माणसाला तो बहुतेक वेळा हातापायाला चावतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा चेहरा मात्र कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, त्यामुळे जखम चेहऱ्याला, डोक्याला किंवा मानेला होते. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील भटक्या कुत्र्यांविषयी आधी एक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलला, तेव्हा देशभर त्यावर वाद झाला. त्या गदारोळात घरातला कुत्रा आणि घरातले मूल यांच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. घरचा कुत्रा ‘आपला’ असतो आणि जो आपला, तो निर्धोक, असे आपण गृहीत धरतो.

या गृहीताच्या मुळाशी एक विशेषण आहे : इमानी. मराठीत कुत्र्याला हे विशेषण इतके चिकटले आहे, की त्याच्याविना कुत्र्यावरचा शालेय निबंध पुरा होत नाही. धर्मराजाच्या मागोमाग हिमालयात चालत गेलेला कुत्रा, नामदेवांची भाकरी पळवणारा आणि त्यांना तुपाची वाटी घेऊन धावायला लावणारा कुत्रा, दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री, खंडोबाचा कुत्रा : आपल्या परंपरेने या प्राण्याला मोठा मान दिला. रायगडावरच्या वाघ्याच्या ऐतिहासिकतेवरून २०२५ मध्ये पेटलेला वादही या विशेषणाचे बळ दाखवणाराच होता. पण इमान हा मालकाशी असलेल्या नात्याचा गुण आहे आणि दोन वर्षांचे मूल मालक नसते. झोपेत शेपटी ओढणारा, खाताना ताटलीत हात घालणारा, अंगावर अचानक पडणारा तो एक लहानसा, बेभरवशाचा प्राणी असतो. कुत्र्याने त्याला दूर सारले तर त्यात बेइमानी नाही. आपण मात्र नैतिक शब्द वापरून सुरक्षिततेचा सारा भार कुत्र्याच्या चारित्र्यावर टाकतो आणि आपण मोकळे होतो. ‘आमचा काही करत नाही हो,’ हे प्रत्येक श्वानप्रेमी घरात ऐकू येणारे वाक्य त्यातूनच येते. पु. ल. देशपांडे यांनी ‘पाळीव प्राणी’मध्ये या प्रेमाची यथेच्छ थट्टा केली आहे. पाहुण्याच्या बाबतीत तो प्रसंग हसण्यावारी नेता येतो. मुलाच्या बाबतीत नेता येत नाही.

दुसरा घोटाळा एका म्हणीने केला आहे. भुंकणारा कुत्रा चावत नाही, असे आपण मुलांना सांगतो. माणसांतल्या बढाईखोरांविषयी ही म्हण खरी असेल. कुत्र्यांविषयी ती धोकादायक आहे. कुत्रा चावण्यापूर्वी बहुधा बोलतो. आधी तो मान फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. मग अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, आणि शेवटी गुरगुरतो. हा एक क्रमवार मजकूर आहे आणि लहान मुलाला तो वाचता येत नाही. दात विचकलेल्या कुत्र्याचा चेहरा लहान मुलांना हसरा वाटतो, असे या विषयावरील प्रयोगांत दिसून आले आहे. मोठ्यांची चूक याहून गंभीर असते. गुरगुरला म्हणून आपण कुत्र्याला मारतो. अशाने गुरगुरणे थांबते, त्यामागची भीती थांबत नाही. पुढच्या वेळी तो सूचना न देता चावण्याचा संभव वाढतो. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञस्थळी आलेल्या सरमेच्या पिलाला निष्कारण मारतात. सरमा येऊन जाब विचारते, कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते : न दिसणारे भय तुझ्यावर येईल. कुत्र्याचे म्हणणे ऐकून न घेता त्याला मारणाऱ्या घराला हा शाप आजही लागू आहे, असे आम्हांस वाटते.

धोका कुत्र्याच्या जातीत शोधणे, हा आणखी एक सोपा मार्ग. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदी आणण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. संबंधितांचे म्हणणे पुरेसे ऐकले नाही म्हणून कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते एप्रिलमध्ये रद्द ठरवले. मोठ्या, बळकट जबड्याच्या कुत्र्याचा चावा अधिक घातक असतो, हे खरेच आहे. पण लॅब्रॅडॉर किंवा पामेरियन आणला म्हणजे निश्चिंती, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पाळलेल्या प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याच्या लेखी आरोपी माणूस आहे, कुत्रा नाही. आम्हांला हे व्याकरण पटते.

मग मुले असलेल्या घरात कुत्रा पाळूच नये काय? आमचे उत्तर तसे नाही. मुक्या जिवाची भूक, भीती आणि थकवा ओळखायला शिकणारे मूल काही मोलाचे शिकत असते. शिवाय आपल्या शहरांतल्या मुलाला घरी नाही तरी रस्त्यावर कुत्रा भेटणारच. पण या शिक्षणाला अटी आहेत. पाच-सहा वर्षांखालील मूल आणि कुत्रा यांना, मग तो कितीही जुना व गुणी असो, मोठ्या माणसाच्या नजरेविना एकत्र सोडू नये. पलीकडच्या खोलीत असणे म्हणजे हजर असणे नव्हे. कुत्रा खाताना, झोपला असताना, आजारी असताना किंवा पिलांजवळ असताना मुलाने त्याच्याकडे जाऊ नये. आणि कुत्र्याला माघार घेता येईल असा एक कोपरा हवा, जेथे मुलाला मज्जाव असेल. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, दिवसभर घरी कोणी नसताना, हे जमणार नसेल, तर कुत्रा न आणणे हेच त्या कुत्र्यावरचेही प्रेम ठरेल.

यापुढची गोष्ट मताची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात, आणि रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो; त्याआधी लस घेतली तर तो टळतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या लसीने ज्याचे उपचार सुरू झाले, तो जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचा मुलगा होता. तेव्हा घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्यावी. मुलाला चावा किंवा ओरखडा लागला, तर हळद-चुना न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि कुत्र्याने चावा घेतल्यास मार बसणार नाही, असा विश्वास मुलाला आधीच द्यावा. रागावतील म्हणून ओरखडा लपवणारे मूल, हा या साऱ्या प्रकरणातला मोठा धोका आहे.